पन्हाळ्याच्या हवेला शंभरपैकी मार्क

माझ्या हातून झालेले घोळ सांगायला बसलो तर संध्याकाळ पुरायची नाही. पण त्यातला सगळ्यात मोठा कुठला, ते मी झोपेतही सांगेन. चहा घ्या तुम्ही, गार होतोय. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर तुम्हाला माझी कीव येईल, आणि कीव मला मुळीच चालत नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे काय, तर दर जूनला नेमणुकीचं पत्र यायचं आणि दर एप्रिलला ते संपायचं. अशी सहा वर्षं काढली. शेवटी प्राचार्यांनी बोलावून स्वच्छ सांगितलं. पीएच.डी.ला नाव घाला. पहिल्या वर्षाचं काम समितीनं मान्य केलं तर कायम नेमणुकीचं पत्र मी स्वतः तुमच्या हातात देतो. नाही केलं तर जूनला आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल. बोलणं इतकं सरळ की त्यात घासाघीस करायला कुठे जागाच नव्हती.

आता विषय कुठला घ्यायचा? आमच्या खात्यातल्या मंडळींचे विषय बघितले तरी मला झोप यायची. एकानं आठवडी बाजार घेतलेले, दुसऱ्यानं पंचगंगेचा पूर. पूर काय, दरवर्षी येतो, दरवर्षी ओसरतो, त्यात शोधायचं काय? मला काहीतरी असं हवं होतं की ऐकणाऱ्याच्या भुवया वर गेल्या पाहिजेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयात परदेशी मासिकं चाळता चाळता ते सापडलं. एखाद्या गावची हवा पर्यटनाला किती लायक आहे, ते मोजायचं सूत्र!

सूत्र साधं होतं. त्या गावचं तापमान, दमटपणा, पाऊस, ऊन आणि वारा घ्यायचा, प्रत्येकाला मार्क द्यायचे आणि महिन्यावार शंभरपैकी बेरीज करायची. ऐंशीच्या वर गेलं तर उत्तम, चाळीसच्या खाली आलं तर पर्यटकानं घरीच बसावं. त्यातही निम्मे मार्क नुसत्या दुपारच्या सुखाला, म्हणजे तापमान आणि दमटपणा मिळून. वाचलं आणि मी ठरवूनच टाकलं, पन्हाळ्याच्या हवेची परीक्षा घ्यायची.

पन्हाळ्याला येणारा पर्यटक तुम्ही बघितलाय का? मी बघितलाय. तीन दरवाजापाशी उभा राहून विचारतो, "तीन दरवाजा कुठं आला हो?" सज्जाकोठीतून खाली बघून नवरा म्हणतो, ते कोल्हापूर, बायको म्हणते, ते ज्योतिबा, आणि दोघं मिळून तिसऱ्याच दिशेला बोट दाखवत असतात. असल्या लोकांनी कुठल्या महिन्यात यावं, हे त्यांचं त्यांना कसं कळणार? ते सांगायला शास्त्र पाहिजे आणि शास्त्र सांगायला मी. असं माझं तेव्हाचं मत होतं. जरा जास्तच पक्कं होतं.

एका सुताराकडून पेटी करून घेतली. पांढरा रंग, चार पाय, चारी भिंतींना झडपा. झडपांतून वारा खेळतो पण ऊन-पाऊस आत येत नाही, म्हणून आत टांगलेली यंत्रं बाहेरच्या हवेचं खरं माप देतात. आत दोनच यंत्रं. एक तापमापक आणि एक दमटपणा दाखवणारं, गजराच्या घड्याळाएवढं. टेम्पोत घालून पेटी गडावर नेली. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याचा तिथे दगडी बंगला होता. मालक वर्षातून दोनदा यायचे. बाकी सगळा काळ तो बंगला, परसातल्या चार कोंबड्या आणि फणसाचं एक झाड हे सगळं बापू आणि त्यांची बायको आक्का सांभाळायचे.

बापू साठीच्या घरातले. तरुणपणी तालमीत घुमलेले, कान चुरगळलेले, मान दिसायचीच नाही. शाळा चौथीपर्यंत. पण अक्षर शेंगदाण्यासारखं टपोरं आणि कामाला चोख. सकाळी साडेआठ आणि दुपारी अडीच, असे दिवसातून दोनदा आकडे लिहायचं त्यांनी कबूल केलं. मी त्यांना एक लांबलचक नोंदवही दिली. डाव्या पानावर आकड्यांचे रकाने आणि उजव्या पानावर, कुठल्याही सरकारी वहीत असतो तसा, "शेरा".

बापूंनी विचारलं, "सर, पर ह्ये कशापायी मोजायचं?"

आता बघा, इथेच सगळं झालं. मी पाच मिनिटं बसून नीट समजावून सांगितलं असतं तर आज हा चहा पिताना मला दुसरं काहीतरी सांगावं लागलं असतं. पण मला वाटलं, याला काय कळणार? म्हणून म्हटलं, "हे बघा बापू. गडावर पावणं येतात. त्यांना इथं आल्यावर बरं वाटतंय का नाही, ते ही यंत्रं सांगणार. तुम्ही फक्त आकडा लिहायचा. आणि यंत्रं नाजूक आहेत, परदेशातली आहेत. घरात पावणं आल्यागत सांभाळा."

"व्हय की," बापू म्हणाले. "त्याची काळजीच करू नगा."

आणि मी खरंच केली नाही.

दर रविवारी मी स्कूटरवरून गडावर जायचो. आक्का भाकऱ्या थापायच्या. कधी कोंबडीचा तांबडा-पांढरा रस्सा, कधी नुसता झुणका आणि मिरचीचा खर्डा. जेवण झालं की सोप्यातल्या खाटेवर मी आडवा व्हायचो, पोटावर माझी वही ठेवायचो, आणि बापू त्यांच्या नोंदवहीतून आठवड्याचे आकडे वाचून दाखवायचे. मी ते उतरून घ्यायचो. पेटीपर्यंत चालत जायची कधी गरजच पडली नाही. खाटेवरून ती दिसत होती की! पांढरीशुभ्र, दार मिटलेलं, फणसाच्या पलीकडे दिमाखात उभी. बापूंनी तिला कुलूपसुद्धा लावलेलं. माणूस जबाबदार आहे, म्हणून मला बरं वाटायचं.

एकदा-दोनदा बापू घुटमळले. म्हणाले, बाजूच्या पानावर थोडं लिवलंय, वाचून दावू का? मी म्हटलं, "नको, आकडे सांगा." शेऱ्यात काय असणार, सांगा? "कोंबडी खुराड्यात शिरली" असलं काहीतरी. मला शास्त्र करायचं होतं.

आणि आकडे कसले यायला लागले म्हणता! एप्रिलात दुपारी अडीचला सव्वीस. मे महिन्यात, जेव्हा खाली कोल्हापुरात शहाण्या माणसाचं डोकं फिरत होतं, तेव्हा पन्हाळ्यावर सव्वीस-सत्तावीस. माझा आनंद गगनात मावेना. मी लगेच सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, स्कूटरवर मागे बसवून गडावर घेऊन गेलो. नवऱ्याचा शोध तिनं स्वतः अनुभवायला नको?

तटावरून चालता चालता ती थांबली. पदरानं गळा पुसला आणि म्हणाली, "अहो, मला फार उकडतंय."

"उकडत नाही," मी म्हटलं. "पारा सव्वीस आहे."

"मग हा पदर कशानं भिजलाय?"

"तो तुझा वैयक्तिक प्रश्न आहे. हवेचा त्याच्याशी संबंध नाही."

घामानं माझा शर्टसुद्धा पाठीला चिकटला होता, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. पण मी तो स्कूटर चालवल्याचा घाम धरला. सुनंदा परतीच्या वाटेवर, घाटातलं वाघबीळ येईपर्यंत, पदरानंच स्वतःला वारा घालत राहिली. वाघबिळाला फक्त एवढंच म्हणाली, की त्या तुमच्या यंत्राला घाम येत नाही म्हणून बरं. मी तिला घरी जाऊन सापेक्ष आर्द्रतेवर अर्धा तास समजावलं. ती कांदा चिरत होती. डोळ्यांत पाणी होतं, ते कांद्याचं का माझं, मी विचारलं नाही.

मग पाऊस लागला. पन्हाळ्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. समोरचा माणूस धुक्यात दिसत नाही, अंथरूण दमट, काडेपेटी दमट, मीठ ओलं होऊन डब्याला चिकटलेलं. एका रविवारी मी रेनकोट घालून गेलो आणि आतून-बाहेरून भिजून पोचलो. आक्कांनी टॉवेल दिला. बापूंनी नेहमीप्रमाणे आकडे वाचले. तापमान चोवीस. दमटपणा पंचावन्न टक्के.

पंचावन्न! भर जुलैत! कुठलाही शहाणा माणूस इथे खाटेवरून उठला असता. मी कूस बदलली आणि सिद्धांत काढला. गडाची तटबंदी वारा अडवते, काळा दगड दिवसभराची ऊब धरून ठेवतो, म्हणून पन्हाळ्यावर बाहेरच्या ऋतूंपासून वेगळं असं एक स्थिर हवामान तयार होतं. पावसाळ्यात पन्हाळा दमट असतो, हे अडाण्यांचं मत आहे. हे वाक्य मी जसंच्या तसं वहीत लिहिलं. लिहिताना माझ्या केसांतून पाणी वहीवर ठिबकत होतं.

पावसाचे आकडे मात्र मी तालुका कचेरीतून आणि ऊन-वाऱ्याचे कोल्हापूरच्या वेधशाळेतून घेतले, ते खरे होते. त्यामुळे जुलैला थोडे मार्क कमी पडले. पण बाकीच्या महिन्यांनी कसर भरून काढली. थंडीतसुद्धा सकाळी साडेआठला बावीस! वर्षभराचा आलेख काढला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ आली. मे महिन्याला शंभरपैकी नव्वदच्या वर मार्क पडले. महाबळेश्वरवाल्यांनी आता गाशा गुंडाळावा, असं मी खात्यात चहा पिताना जाहीर केलं. पुराचा अभ्यास करणारे सहकारी फक्त म्हणाले, "मे महिन्यात आम्ही पन्हाळ्याला गेलतो, लई गरम होतं राव." मी त्यांच्याकडे असं बघितलं की बिचाऱ्यांनी कप तिथेच ठेवला आणि तासावर गेले.

एप्रिलात कुणीतरी ही बातमी एका स्थानिक पेपरच्या बातमीदाराला दिली. कुणीतरी म्हणजे मीच. "मे महिन्यातही पन्हाळा गारच" असा मथळा आला, खाली माझं नाव. आठ दिवसांनी इचलकरंजीहून माझ्या मेव्हण्याचा फोन. त्याचे यंत्रमाग आहेत. बातमी वाचून तो बायको-पोरं, सासू आणि शेजारचं एक कुटुंब घेऊन भर दुपारी गडावर जाऊन आला होता.

"दाजी," तो म्हणाला, "आमच्या मागाच्या शेडमधी यापरीस गार असतंय."

मी त्याला विचारलं, तुझी मोजायची पद्धत काय? तर म्हणाला, सासूला चक्कर आली, ही पद्धत. माझ्या सासूला नव्हे, त्याच्या. मी त्याला एकच व्यक्ती हा पुरेसा नमुना होत नाही असं सांगून फोन ठेवला. त्या वर्षी त्यांच्याकडून जत्रेचं बोलावणं आलं नाही.

अशा थाटात मी मे महिन्यात समितीसमोर उभा राहिलो. समितीत आमचे प्राचार्य होते आणि पुण्याहून आलेले एक बाहेरचे परीक्षक. हे पुण्याचे सर म्हणजे वाळकुडा माणूस, खादीचा शर्ट, खांद्याला शबनम. सगळी नोकरी हवामानाची निरीक्षणं घेण्यात गेलेली. मला वाटलं, जुन्या जमान्यातले आहेत, माझं सूत्र त्यांना झेपेल ना? मी हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोललो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. मग माझा आलेख हातात घेऊन चष्म्याच्या वरून बघितला.

"रेघ अगदी सरळ आली आहे," ते म्हणाले. "पट्टीनं आखलीत का?"

प्राचार्य हसले. मला राग आला. मी म्हटलं, "सर, शंका असेल तर आत्ता गडावर चला. दुपारी अडीचचं निरीक्षण तुमच्या डोळ्यांसमोर होऊ दे."

हो, मीच म्हटलं. त्यांनी मागितलंसुद्धा नव्हतं.

प्राचार्यांनी जीप काढायला लावली. निघताना त्यांनी माझ्या देखत एक लांब पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं आणि हसून म्हणाले, "सगळं ठीक झालं तर तिथंच देऊन टाकू." मी त्या पाकिटाकडे बघत गडावर गेलो. बापूंना निरोप मुद्दामच पाठवला नव्हता. शास्त्राला आगाऊ सूचना लागत नाही, असं मी जीपमध्ये दोघांना ऐकवलं.

सव्वादोनला बंगल्याशी उतरलो. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. प्राचार्यांनी रुमाल काढून आधी कपाळ, मग टक्कल, मग परत कपाळ पुसलं. पुण्याचे सर नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, आजचा दिवस जरा अपवादाचा दिसतो.

पेटीला कुलूप होतं. मी हाक मारली. आक्का आतून किल्ली घेऊन आल्या, इतके लोक बघून पदर सावरला आणि म्हणाल्या, "किती पायजेत? किलोभर काढू?"

मला काही उमगलं नाही. मी किल्ली घेतली, पुण्याच्या सरांना जवळ बोलावलं आणि पेटीचं दार उघडलं.

आत कांदे होते.

शिगोशीग कांदे! वरून लसणाच्या गड्ड्यांची एक माळ लोंबत होती, तीही बरोबर तापमापक टांगायच्या खिळ्याला. आक्का कौतुकानं म्हणाल्या की झडपांतनं वारं खेळतंय, वर्षभर एक कांदा सडला न्हाय बगा.

माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती चोरी. मी ओरडलो, यंत्रं चोरीला गेली म्हणून. दोन यंत्रं, परदेशातली, माझ्या सहा वर्षांच्या नोकरीची सगळी भिस्त त्यांच्यावर! तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारात बापू आले, ओठांवर बोट ठेवून.

"सर, हळू बोला की. आत हायत न्हवं."

आम्ही आत गेलो. बंगल्याची ती मधली खोली, हातभर जाडीच्या दगडी भिंती, शहाबादी फरशी, खिडकीला ओला केलेला वाळ्याचा पडदा. आणि मधोमध पाटावर, स्वच्छ धुतलेल्या पंचावर, माझा तापमापक आणि माझं दमटपणाचं यंत्र शेजारी शेजारी ठेवलेलं. मांडणी अशी की पुढ्यात फक्त ताट वाढायचं राहिलं होतं. बापूंनी वाकून बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि नोंदवहीत लिहिलं. सव्वीस.

प्राचार्य त्या फरशीवर टेकले आणि "आहाहा" म्हणाले. खोलीत खरंच फार सुख वाटत होतं. नव्वद मार्क सहज देता आले असते.

"बापू," माझा आवाज चिरकला, "यंत्रं आत का आणलीत?"

बापू गोंधळले. मला वाटतं, मी हे विचारीन असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. म्हणाले, "तुमीच सांगितलासा की सर. पावण्यास्नी हितं बरं वाटतंय का न्हाय ते बगायचं, अन् ह्यास्नी पावण्यागत सांभाळायचं. आता पावण्याला कोण उनात हुबा करतंय व्हय? ऊन तापलं की आत घेतोय. पाऊस लागला की चुलीम्होरं ठिवतोय. थंडीचं सकाळच्या उनाला."

मला जे सुचलं ते मी बोललो. अडाणी माणूस आहे सर, असं म्हणालो. याला काय समजणार, वर्षभर माझी फसवणूक केली याने. असं मी बोललो, बापूंच्या तोंडावर, आक्का दारात उभ्या असताना. आज ते आठवलं तरी मला स्वतःची लाज वाटते. बापूंनी नोंदवही तेवढी पुण्याच्या सरांच्या हातात दिली.

सरांनी डावं पान बघितलंच नाही. ते थेट उजव्या पानावर गेले आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"ऊन लई. दोपारी आत घेतलं. बरं वाटलं." पान उलटलं. "पाऊस. चुलीम्होरं ठिवलं. काटा खाली आला. बरं वाटलं." आणखी पानं उलटली. "थंडी. कवळ्या उनात पाटावर ठिवलं. आक्कानं कांदं पेटीत भरलं. सरास्नी सांगायचं हाय."

मग चष्मा काढून ते माझ्याकडे वळले. "यांनी काहीच लपवलेलं नाही हो. रोज लिहून ठेवलंय, वर्षभर. तुम्ही वाचलं नाहीत?"

"मी आकडे उतरवून घेतले," मी म्हणालो.

"कुठे बसून?"

उत्तर त्यांनीच शोधलं. बोट ठेवत ठेवत ते फक्त रविवारांच्या नोंदी वाचायला लागले. आधी मनात, मग ओठ हलायला लागले, मग त्यांचा आवाज फुटला. हसू आवरता आवरता वाचत होते.

"रविवार. सर आलते. जेवले. पडले. चा घिऊन गेले." पुढचा रविवार. "सर आलते. सोप्यात उकडतंय म्हणाले. खाट बाजूच्या खोलीत आत घेतली. पडले." त्याच्या पुढचा. "सरांच्या म्याडम आलत्या. त्यास्नी उकाडा झाला. सर न्हाय म्हणाले." जुलैतला एक. "सर भिजून आलते. टॉवेल दिला. सिद्धांत सापडला म्हणाले. पडले."

प्राचार्य फरशीवर बसल्या बसल्या हलत होते. हसत होते, पण आवाज येऊ देत नव्हते, एवढे सभ्य होते. हसता हसताच त्यांनी खिशातलं पाकीट चाचपलं, बाहेर काढलं, एकदा बघितलं आणि घडी घालून पँटच्या मागच्या खिशात ठेवलं. मागचा खिसा, लक्षात घ्या. त्या पाकिटावर ते बसले.

पुण्याच्या सरांनी निकाल तिथंच सांगितला. वर्ष फुकट गेलं. तापमान आणि दमटपणाचा एकही आकडा धरता येणार नाही. कांदे काढा, यंत्रं पेटीत टांगा, पुन्हा पहिल्यापासून मोजा, समिती पुढच्या मे महिन्यात बघेल. प्राचार्यांनी घसा साफ केला आणि दुसरा माणूस बघायचं काम एक वर्षभर लांबवता येईल असं म्हणाले. ते त्यांचे उपकार होते. पत्र मात्र मागच्या खिशातच राहिलं.

निघायच्या वेळी सरांनी बापूंचा हात हातात घेतला. म्हणाले, "बापू, पावण्याला कशानं बरं वाटतं, ते सगळ्या गडावर तुम्हालाच कळलंय. आता एक करा. ही यंत्रं बाहेर उन्हातच राहू द्या, त्यांना काही होत नाही. आणि आमचे हे सर आणखी वर्षभर येत राहतील. तेवढं चालवून घ्या."

मी मान खाली घालून उभा होतो. मला वाटलं, मघाशी मी जे काही बोललो त्यावर हा माणूस आता मला दारातसुद्धा उभा करणार नाही. त्याला तसा हक्कही होता.

बापूंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं. पैलवान समोरच्या गड्याचं वजन नजरेनं करतो, तसं.

"येऊ देत की," ते म्हणाले. "त्यास्नी काय लागतंय? दोन भाकरी अन् एक उशी."

तेरा महिन्यांत त्या बंगल्यात झालेलं ते एकच मोजमाप बरोबर होतं.